विरघळणारा स्क्रू आणि काळी कडा

महोदय,

मोडलेलं हाड जोडायला घातलेला मॅग्नेशियमचा स्क्रू हळूहळू विरघळतो, काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागत नाही, हे खरंच. युरोपात तो २०१३पासून वापरात आहे. पण विरघळतो म्हणजे गंजतो. १ ग्रॅम मॅग्नेशियममधून सुमारे १ लिटर हायड्रोजन सुटतो. गंज संथ असेल तर शरीर हा वायू सामावून घेतं. धातूत लोह, निकेल, तांब्याचा अंश जास्त असला की गंज भडकतो, वायू साचतो. एक्स-रेत स्क्रूभोवती काळी कडा दिसते आणि जंतुसंसर्ग समजून चांगला स्क्रू उपटला जाऊ शकतो. डिस्चार्ज कार्डावर धातूचं नाव लिहायला कितीशी शाई लागते? शेजारी स्टीलची पट्टी किंवा तार टेकवू नये. ओल्या शरीरात दोन धातूंची बॅटरीच होते आणि मॅग्नेशियम झपाट्याने गंजतं. मोठा भार पेलणाऱ्या मांडीच्या हाडाला मात्र टायटॅनियमच बरं.

– एक धातुशास्त्र अभ्यासक, पुणे