निकालात न छापलेले घोडे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या क्रीडापानावर घोड्यांच्या शर्यतींचे अंदाज आणि निकाल नियमितपणे प्रसिद्ध होतात. निकालात पहिल्या तीन-चार घोड्यांची नावे, त्यांचे जॉकी आणि टोटचे, म्हणजे शर्यतींवरच्या सामायिक पैजेचे, भाव एवढाच तपशील असतो. त्याच शर्यतीत मागे राहिलेल्या आणि शर्यतीपर्यंत कधी पोहोचूच न शकलेल्या घोड्यांविषयी हे पत्र आहे. मी अनेक वर्षे घोड्यांवर उपचार केलेला निवृत्त पशुवैद्य आहे.

पैज लावणाऱ्याला वाटते की आपण एका घोड्यावर पैसे लावले, तो जिंकला किंवा हरला, विषय संपला. टोटचा हिशेब निराळा असतो. लोकांनी लावलेला सगळा पैसा एकत्र केला जातो, त्यातून आयोजकांचा आणि कराचा वाटा आधी कापला जातो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. त्यामुळे आयोजकांचे उत्पन्न कोणता घोडा जिंकला यावर नव्हे, तर एकूण किती पैसा लागला यावर ठरते. चार घोड्यांच्या शर्यतीवर फारसा पैसा लागत नाही. दहा-बारा घोडे उतरले की भाव पसरतात, पहिल्या तिघांचा क्रम ओळखण्याच्या पैजांना रंग चढतो आणि उलाढाल वाढते. म्हणून दिवसाला एवढ्या शर्यती आणि प्रत्येक शर्यत घोड्यांनी भरलेली हवी, ही या व्यवसायाची रोजची गरज आहे आणि ती पैदाशीतून भागवली जाते.

ही पैदास कशी चालते, हे पैज लावणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असेल. उत्तर गोलार्धात शर्यतीच्या प्रत्येक घोड्याचे वय १ जानेवारीपासून मोजले जाते. मग शिंगरू जानेवारीत जन्मलेले असो की मेमध्ये. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते आणि लवकर जन्मलेल्या शिंगराला वयाच्या गटात फायदा मिळतो, म्हणून ऐन हिवाळ्यात घोड्यांच्या माद्यांना रात्री उशिरापर्यंत दिव्यांच्या प्रकाशात ठेवून अवेळी माजावर आणले जाते. थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीत कृत्रिम रेतन मान्य नाही. तरीही मागणी असलेल्या एकेका नराकडे एका मोसमात शंभराहून अधिक, कधी दोनशेच्या घरात घोड्या आणल्या जातात आणि मोसम संपला की काही नरांना विमानाने दुसऱ्या गोलार्धात नेऊन तेच काम पुन्हा करून घेतले जाते. मूठभर नरांचेच रक्त सगळीकडे पसरू लागल्याने थरोब्रेड घोड्यांची नोंदणी करणाऱ्या अमेरिकेतील जॉकी क्लबने २०२० मध्ये एका नराला वर्षाला १४० माद्यांची मर्यादा घातली होती. पैदासकारांनी न्यायालयात धाव घेतली आणि २०२२ मध्ये हा नियम मागे घ्यावा लागला. अमेरिकेत १९८६ च्या सुमारास वर्षाला पन्नास हजारांहून अधिक शिंगरे नोंदली जात होती आणि आज हा आकडा वीस हजारांच्या आत आला आहे, हे मान्य करायला हवे. पण त्या वीस हजारांच्या म्हातारपणाची पुरेशी तरतूद तरी कोणी केली आहे?

यातली बरीच शिंगरे दोन वर्षांची होताच शर्यतीत उतरवली जातात. बेताच्या व्यायामाने कोवळी हाडे बळकट होतात, हे खरे आहे आणि व्यायामाला माझा आक्षेपही नाही. परंतु घोड्याच्या मणक्यांची वाढ पाच वर्षांच्या पुढेही चालू असते. त्याआधीच पाठीवर स्वार घेऊन पूर्ण वेगाने धावायला लावणे हा व्यायाम नव्हे.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. तीन वर्षांची एक घोडी, पुढच्या उजव्या पायाची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) सुजून केळ्यासारखी बाहेर आलेली. मोतद्दार तिचा पाय बर्फाच्या बादलीत धरून बसला होता आणि ती आपले तोंड त्याच्या खांद्यावर टेकवून उभी होती. ती पुन्हा धावणार नाही, असे मी सांगितले. त्यावर मालकाचा माणूस सहज म्हणाला, ‘पाय गेले तरी पोट आहे.’ म्हणजे पैदाशीला ठेवू. जी धावताना टिकली नाही, तिच्याकडूनच पुढची पिढी घ्यायची, यात जातीचे कोणते भले होते, हे मला आजवर कळलेले नाही. खच्ची केलेल्या घोड्याला तर तेवढाही आधार नसतो. त्याला रपेटीसाठी किंवा सामान ओढण्यासाठी विकले जाते, आणि तो पुढे किती हात बदलतो याची नोंद बहुधा राहत नाही. नामवंतांचीही यातून सुटका नाही. अमेरिकेतील केंटकी डर्बी ही नामांकित शर्यत १९८६ मध्ये जिंकणारा फर्डिनंड पैदाशीसाठी जपानला विकला गेला. तिथे त्याला मागणी उरली नाही आणि २००२ मध्ये तो कत्तलखान्यात गेल्याचे पुढे उघड झाले.

घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो आणि त्यातली शर्यतीची वर्षे जेमतेम तीन-चार असतात. बाकीच्या वीस वर्षांचा खर्च आज फारसा कोणाच्या हिशेबात नाही. पैजेतून कराचा आणि आयोजकांचा वाटा जसा आधीच कापला जातो, तसाच घोड्यांच्या निवृत्तीचा वाटाही कापला जावा. शिंगराची नोंदणी करतानाच पैदासकाराकडून त्याच्या पुढील सांभाळासाठी ठेव घ्यावी, म्हणजे दहा शिंगरे काढून एक निवडण्याची सवय महाग पडेल. प्रत्येक घोड्याच्या शरीरात ओळख पटवणारी चिप असावी आणि मालकी बदलल्याची नोंद तो मरेपर्यंत ठेवणे बंधनकारक असावे. एका नराकडे आणल्या जाणाऱ्या माद्यांवर मर्यादा घालण्याचा प्रयत्नही पुन्हा व्हायला हवा.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती आहे. मोसम संपल्यावर त्या मोसमात शर्यतीतून बाद झालेल्या घोड्यांची यादी आयोजकांकडून मागवावी आणि प्रत्येक घोडा आता कोठे आहे, या माहितीसह ती निकालांच्याच पानावर छापावी.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्य