संदीपच्या सर्टिफिकेटबद्दल

आई, बाबा,

फोनवर हा विषय काढला की आई रडते आणि मग मलाही रडू येतं, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, चष्मा लावून आईला मोठ्याने वाचून दाखवा.

संदीपच्या अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचा फॉर्म भरला आम्ही, रविवारी रात्री ओवी झोपल्यावर.

आई, दिवाळीत तू म्हणालीस ना, चालता-बोलता माणूस, कशाला त्याच्या नावाला हे लावून घेता, उद्या ओवीच्या लग्नात लोक विचारतील. ते माझ्या डोक्यात असं बसलं की फाइल कितीतरी महिने कपाटावरच पडून होती. पण तू त्याला दिवाळीत बघितलंस, गार हवेत, चार दिवस सुट्टीचा आराम झालेला. मे महिन्यात नाही बघितलंस. एमएसमध्ये, म्हणजे त्याच्या त्या मल्टिपल स्क्लेरोसिसच्या मज्जासंस्थेच्या आजारात, अंग तापलं की सगळं वाढतं, जरा गरम पाण्याने अंघोळ केली तरी पाय लटपटतात, एका डोळ्याने धूसर दिसतं, मग बाथरूमपासून खोलीपर्यंत भिंत धरत येतो. पॅसेजच्या भिंतीवर त्याच्या तळहाताचा मळकट पट्टा उमटलाय बघ, दोनदा पुसला मी, आता नाही पुसत.

आणि बाबा, तुम्ही म्हणालात ते पैसे गरिबांचे, आपण कशाला घ्यायचे. अहो पण संजय गांधी निराधारमध्ये आपण बसतच नाही, दोघं कमावतो. पैशाचं म्हणाल तर इन्कमटॅक्समध्ये ७५ हजारांची वजावट, तीही जुन्या पद्धतीने रिटर्न भरलं तरच. खरी गोष्ट नोकरीची आहे. त्याला फिरतीचं काम झेपत नाहीये आणि ऑफिसात वरचे लोक आडून आडून सांगतायत की व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घ्या. ४१ व्या वर्षी! २०१६ च्या दिव्यांग कायद्यात कलम २० आहे, सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही, आधीचं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यायचं आणि तसं पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मुद्दाम तयार केलेल्या जादा पदावर ठेवायचं. पण हे मागायला हातात कागद लागतो. जुन्या १९९५ च्या कायद्यात एमएसचं नावच नव्हतं, आता २१ प्रकारांत आहे, मग आपणच का लपवायचं?

एक सांगते, निर्णय मी एकटीने नाही घेतला. फॉर्म उघडून लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला आणि गप्प बसले. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, तू टाइप कर, माझी बोटं आज चालत नाहीयेत. एवढंच. टाइप करताना मला अक्षरं दिसत नव्हती.

आता सिव्हिलला डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायचंय. ४० टक्के अपंगत्व लिहून मिळालं तर दिव्यांग कार्डावर पिवळी पट्टी येते आणि या सवलती लागू होतात, त्याखाली पांढरी. मला तीच भीती आहे, कारण थकवा काही एमआरआयमध्ये दिसत नाही आणि तपासायच्या दिवशी नेमका तो बरा चालला तर? एके ठिकाणी एक जण त्याच्या तोंडावर म्हणाला, दिसताय तर ठणठणीत. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही. शिवाय आजार कमी-जास्त होणारा म्हणून कदाचित ठराविक मुदतीचंच देतील, परत जावं लागेल. जाऊ.

बाबा, तुम्ही एवढी वर्षं एसटीत कंडक्टर होता. अपंगांचं ७५ टक्के सवलतीचं तिकीट फाडताना तुम्ही कुणाला कमी लेखलं नाहीत, मी तुमच्याबरोबर बसमध्ये बसून बघितलंय. मग संदीपने ते तिकीट मागितलं तर तुम्हाला कमीपणा का वाटावा?

मंगळवारची तारीख मिळालीय. सकाळी ८ ला निघायला लागेल, लाइन मोठी असते आणि त्याला फार वेळ उभं राहवत नाही. तुम्ही सोमवारीच या. आई ओवीजवळ थांबेल, तिची शाळा साडेबाराला सुटते. आणि बाबा, तुम्ही आमच्याबरोबर चला, लाइनीत तुम्ही उभे राहा म्हणजे मला त्याच्याजवळ बसता येईल.

तुमची,
मनू