मंगळवारी दोन ते पाच

प्रिय मावशी,

सप्रेम सलाम.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहिते आहे, कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता. शिवाय कुठल्या तरी घरात आज कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, आणि तिथल्या मंडळीला त्या घरासाठी नेमकं काय करावं ते सुचत नसेल. तुम्ही काय केलंत ते त्यांना कळायला हवं.

आईला पक्षाघात झाला तेव्हा पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं होतं. प्रत्येक जण निघताना म्हणायचा, "आम्ही प्रार्थनेत आठवण ठेवतो." ते खरं होतं, आणि त्या प्रार्थनांनीच मी तगले असं मी आजही मानते. पण दुसऱ्या महिन्यात दार वाजेनासं झालं. तेव्हा तुम्ही आलात आणि विचारलंत, "सलग तीन तास शेवटची कधी झोपलीस गं?" मला आठवेना. तुम्ही दोन मिनिटं प्रार्थना केलीत, आणि आमेन म्हटल्या म्हटल्या सांगितलंत, "मंगळवारी दोन ते पाच मी आईजवळ बसते. तू आतल्या खोलीत दार लावून झोपायचं." "काही लागलं तर सांग" हे तुम्ही म्हणालाच नाहीत. दमलेल्या माणसाला काय लागतं ते सांगायचंही त्राण उरलेलं नसतं, हे तुम्हाला ठाऊक होतं.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात असा माणूस आहे, की जो उघड्या, उपाशी भावाबहिणीला "शांतीने जा, ऊब घ्या, पोटभर खा" म्हणतो आणि हातावर काहीच ठेवत नाही. तो उतारा मी लहानपणी रविवारच्या शब्बाथ शाळेत पाठ केला होता. त्याला वार आणि वेळ लागते, हे मात्र तुमच्यामुळे कळलं.

खरं सांगू का, त्या पहिल्या मंगळवारी मी झोपलेच नाही. दाराच्या फटीतून बघत होते. आईच्या खाली खांद्यापासून मांड्यांपर्यंत तुम्ही एक चादर दुमडून सरकवलीत, तिची कड तिच्या अंगालगत घट्ट धरलीत आणि एका ओढीत तिला कुशीवर घेतलंत. मी इतके दिवस तिला दंडाला धरून वळवत होते. पाठीशी एक उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक. मग टाचा, कोपरं, माकडहाड नीट पाहिलंत. लाल दिसलं तिथे बोटाने दाबलंत. नंतर मला शिकवलंत, की दाबल्यावर लाली फिकी झाली नाही तर ती जखमेची सुरुवात समजायची, त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही, आणि दर दोन तासांनी कूस बदलायचीच, रात्रीसुद्धा. आईची वाचा गेली होती, तरी प्रत्येक वेळी तुम्ही तिला आधी सांगत होता, "आता उजवीकडे वळवते हं, ताई."

शेवटी तुम्ही तिचे पाय धुतलेत. कमरेला खोचलेल्या रुमालाने बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्यात. योहानाच्या तेराव्या अध्यायात लिहिलंय, की प्रभूने ज्या रुमालाने कमर बांधली होती त्यानेच शिष्यांचे पाय पुसले. इतकी वर्षं ऐकूनही माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, की म्हणजे पुसणाऱ्याचे कपडेही ओले झाले असणार. तुमचे झाले होते.

पॅरिसला कार्मेलाईट या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या एका मठात सतराव्या शतकात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक बंधू होते. त्यांना स्वयंपाकघराचं काम दिलेलं होतं, आणि भांड्यांच्या खडखडाटातही देव गुडघे टेकल्याइतकाच जवळ असतो, असं ते सांगत. हे मी पुढे वाचलं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही नुसतं "बरोबरच आहे" म्हणालात आणि चादर बदलायला घेतलीत.

दादाविषयी लिहायला जड जातंय, पण ते वगळलं तर हे पत्र अपुरं राहील. तो येत नव्हता. मी त्याच्याशी बोलणं सोडलं होतं, आणि रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस मात्र घेत होते. एकदा मी भडभडून त्याची तक्रार केली. सगळं ऐकून तुम्ही मत्तयाचा पाचवा अध्याय काढून माझ्या हातात दिलात, तेविसावी ओवी. "नीट वाच, कुणाच्या मनात कुणाविरुद्ध?" मी वाचलं. दान घेऊन वेदीपाशी गेल्यावर आठवायचं आहे ते भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काय आहे ते. माझ्या मनातल्या त्याच्याविरुद्धच्या यादीबद्दल तिथे एक शब्द नाही. मग तुम्ही म्हणालात, की प्रभू हे गालीलात बोलत होता आणि वेदी होती यरुशलेमेत, पायी तीन दिवसांची वाट. म्हणजे दान तिथेच ठेवून इतकं मागे यायचं, समेट करायचा आणि पुन्हा जायचं. "तुला तर फोनच करायचाय."

मी केला. त्याच्या मनात होतं ते असं, की पहिल्या दिवसापासून मी त्याला काही विचारलंच नाही, फक्त कळवत गेले. ते खरं होतं. लगेच गोड झालं असं नाही, पण पुढच्या शनिवारी तो आला आणि रात्रीच्या दोन पाळ्या त्याने घेतल्या. कूस बदलायला मी त्याला शिकवलं.

आणखी एक. रात्रीच्या सेविकेचा पगार मी चार दिवस थकवला होता, विसरून. तुम्ही एवढंच म्हणालात, "लेवीयाच्या पुस्तकात मजुरी सकाळपर्यंतसुद्धा ठेवायची नाही म्हटलंय." त्याच संध्याकाळी दिला. त्यानंतर एकदाही उशीर केला नाही.

आई शेवटपर्यंत अंथरुणावर होती, पण तिच्या अंगावर एकही जखम झाली नाही. मातीच्या दिवशी दादा आणि मी एकमेकांना धरून उभे होतो. तुम्ही मागे होतात, मी पाहिलं.

आता तुमचे गुडघे दुखतात आणि तरीही दर बुधवारी तुम्ही त्या आजोबांकडे जाता, जिना चढून. मावशी, येत्या बुधवारपासून दोन ते पाच मी जाईन. दुमडायची चादर माझ्याकडेच आहे. त्यांच्या सूनबाईंना तेवढं सांगून ठेवा, आणि त्यांना म्हणावं, दार लावून झोपा.

तुमची,
मंगळवारची मुलगी