‘जास्त’ म्हणजे बेरीज नव्हे

महोदय,

शाब्दिक उदाहरणांचा गृहपाठ घेताना अनेक पालक मुलांकडून ‘जास्त म्हटलं की बेरीज, उरले म्हटलं की वजाबाकी’ असं घोकून घेतात. चुकांचं मूळ तिथेच आहे. ‘मीनाकडे २३ वह्या आहेत. त्या राजूच्या वह्यांपेक्षा ८ ने जास्त आहेत. राजूकडे किती?’ ‘जास्त’ वाचून मूल ३१ लिहितं. खरं उत्तर १५. कृपा करून कागदावर दोन पट्ट्या काढायला लावा. मीनाची लांब, राजूची आखूड, फरकाचा तुकडा ८ चा. वजाबाकी न सांगता दिसते.

शेकडेवारीत हीच गफलत वेगळ्या रूपात येते. २०% सूट मिळून छत्री ४८० रुपयांना पडली, तर छापील किंमत किती? मुलं ४८० चे २०%, म्हणजे ९६ मिळवून ५७६ म्हणतात. पण सूट छापील किमतीवर असते. ४८० हे तिचे ८०%. म्हणून १०% म्हणजे ६० आणि १००% म्हणजे ६०० रुपये. ताळा: ६०० चे २०% १२०, उरले ४८०. हा ताळा अर्ध्या मिनिटाचा, पण तोच टाळला जातो.

भागाकारात बाकीचं काय करायचं, हे प्रसंग ठरवतो. सहलीला १३० मुलं आणि बसमध्ये ४० आसनं असतील, तर ४ बस लागतात. १३० फुलांचे ४०-४० चे हार मात्र पूर्ण ३ च होतात.

– एक गणितशिक्षिका, सांगली