बाबा, दुसरं सिटिंग चुकवू नका

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईनं फोनवर हळूच सांगितलं, बाबा आता डोळ्याच्या लेसरला नको म्हणताहेत. मग तुम्ही फोन घेतलात आणि एवढंच म्हणालात, "करून आधीपेक्षा धूसर दिसतंय, मग पुढचं कशाला?" बाबा, तुमचं विचारणं रास्त आहे. दवाखान्यात तुम्हाला कोणी धड समजावून सांगितलं नाही, याचा मला अजून राग येतो. म्हणून सविस्तर लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तरी त्रास झाला तर आई वाचून दाखवेल.

इतक्या वर्षांच्या साखरेनं डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत गेल्या. ज्या भागाला रक्त मिळत नाही तो व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि त्यामुळे नव्या वाहिन्या उगवतात. त्या इतक्या कच्च्या असतात की कधीही फुटून डोळ्यात रक्त उतरतं, नाहीतर त्यांच्याभोवतीची जाळी आकसून पडदाच ओढला जातो. लेसरनं पडद्याच्या कडेला जागोजागी भाजतात. तिथली प्राणवायूची मागणी घटते, ते प्रथिन कमी सुटतं आणि नव्या वाहिन्या सुकायला लागतात. दुष्काळात गावाला प्यायला पाणी पुरावं म्हणून कडेची शेतं सोडून द्यावी लागतात, तसंच हे. मधला भाग, ज्यानं तुम्ही वाचता आणि आमचे चेहरे ओळखता, तो वाचवायचा आहे. गेलेली नजर लेसर परत आणत नाही, बाबा. आहे ती राखण्यासाठीच ते केलंय. त्यामुळे पेपरातली बारीक अक्षरं दिसतात की नाही, यावरून त्याचा हिशेब लावू नका.

धूसर दिसण्याचं कारणही आहे. एका डोळ्याला साधारण 1200 ते 1600 ठिपके द्यावे लागतात. त्यानं पडद्याच्या मध्यावर थोडी सूज येऊ शकते. ती बहुतेकांची काही आठवड्यांत ओसरते. सगळे ठिपके एकदम न देता दोन-तीन सिटिंगमध्ये वाटतात, तेही ही सूज आटोक्यात राहावी म्हणूनच. म्हणजे तुमचं काम सध्या अर्ध्यावर आहे. आणि ज्या वाहिन्यांसाठी हे सुरू केलं, त्या अर्ध्या कामानं थांबतीलच असं नाही.

त्या दिवशी मी अंधाऱ्या खोलीत तुमच्या मागे उभी होते. हनुवटी टेकवलेली, डोळ्यावर जेल लावलेलं भिंग, आणि हिरवा प्रकाश लखलखला की तुमचा अंगठा खुर्चीच्या दांड्यावर दाबला जायचा. तुम्ही एकदाही "थांबा" म्हणाला नाहीत. दुखत होतं हे मला कळत होतं. या वेळी आधीच सांगू या. सुन्न करायच्या थेंबांपलीकडे डोळ्याशेजारी इंजेक्शन देऊनही दुखणं कमी करता येतं.

तुम्ही आयुष्यभर विज्ञान शिकवलंत, म्हणून एक गोष्ट तुमच्यासाठी. ग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहू नका म्हणून तुम्ही मुलांना दटावायचात ना? 1945 च्या सूर्यग्रहणात पडदा भाजलेला एक विद्यार्थी जर्मनीत मायर-श्विकेराथ या डॉक्टरांच्या पाहण्यात आला. त्या डागावरूनच, प्रकाशानं मोजून-मापून भाजलं तर पडदा वाचवता येईल, हे त्यांना सुचलं. लेसर यायच्या आधीची ही गोष्ट. पुढे 1970 च्या दशकात अमेरिकेत 1700 हून अधिक मधुमेही रुग्णांच्या एका डोळ्यावर लेसरनं किंवा झेनॉन दिव्याच्या तीव्र प्रकाशानं उपचार करून आणि दुसरा तसाच ठेवून तुलना केली. उपचार केलेल्या डोळ्यांत नजर फार खालावण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. फरक इतका स्पष्ट होता की 1976 मध्ये अभ्यासाचे नियम बदलून तशाच ठेवलेल्या डोळ्यांनाही उपचार देण्याची मुभा दिली. तीच माणसं, तीच साखर, फरक फक्त उपचाराचा. यापेक्षा स्वच्छ पुरावा मी तुम्हाला काय देऊ?

एक किंमत मात्र मोजावी लागते, तीही सांगते. अंधारात पाहणाऱ्या पेशी पडद्याच्या कडेच्या भागात जास्त असतात, त्यामुळे संध्याकाळी दिसायला त्रास होतो आणि उजेडातून अंधारात गेलं की डोळे सरावायला वेळ लागतो. सूरसागर तलावाची फेरी उन्हं उतरायच्या आत आटपा. रावपुऱ्याच्या गर्दीत दिवेलागणीला स्कूटर नको. आई, जिन्यातला बल्ब बदलून मोठा लाव.

आई, हे तुझ्यासाठी. बाबांना डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके किंवा जाळं तरंगताना दिसलं, वीज चमकल्यासारखं झालं, कडेनं काळी सावली सरकत आल्यासारखं वाटलं, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा. आठवड्यातून एकदा त्यांचा एक डोळा झाकून दुसऱ्यानं खिडकीच्या गजांकडे बघायला सांग. सरळ गज वाकडे दिसले तर मध्यावर सूज असू शकते, आणि तिच्यावर वेगळे उपचार आहेत.

साखर आणि रक्तदाब सांभाळल्याशिवाय नुसतं लेसर पुरणार नाही. पण बाबा, हट्टाला पेटून उपास करू नका. साखर फार झपाट्यानं खाली आणली तर पडद्याचा आजार काही काळ उलट वाढतो. औषधात बदल डॉक्टरांना विचारूनच. रविवारच्या जिलबीचं काय करायचं ते आई ठरवेल.

तारीख मी फोन करून घेते आणि आदल्या रात्रीच्या गाडीनं बडोद्याला येते. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर ती काही तास तशीच राहते, ऊन सोसत नाही, म्हणून गडद चष्मा आणि टोपी काढून ठेवा. जाताना-येताना रिक्षात मी बरोबर असेन. आई, साखरेचे रिपोर्ट आणि रक्तदाबाच्या नोंदी फाइलमध्ये लावून ठेव. बाबा, तुम्ही फक्त हो म्हणा.

तुमची,
ताई