सुमीस पत्र: रागावलीस तरी वाच

प्रिय सुमे,

फोन उचलले नाहीत, रागावली असशील. रागाव, पण वाच.

पित्ताशय काढलं, टाके सुकले, जेवते नीट. तब्येतीचं झालं.

पाळी आलेली नाही. तारीख केव्हाच उलटली. दिवस गेलेले नाहीत, तपासलं. 43 व्या वर्षी मनात काय येतं हे तुला काय सांगू? तुझं 41 लाच थांबलं होतं. तेव्हा मध्यरात्री फोनवर तू काय काय बडबडली होतीस, ते सगळं आता आठवतंय.

डॉक्टरबाई म्हणतात, धीर धरा. शस्त्रक्रियेच्या ताणाने कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन चढतं, मेंदूकडून अंडाशयाला जाणारे इशारे मंदावतात, स्त्रीबीज उशिरा सुटतं, मग पाळीही लांबते. भुलेखाली ऑपरेशन चालू असताना प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, तेही वाढतं. मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं तेच इशारे आणखी दाबतात. माझं दुर्बिणीतून झालं, त्यामुळे धक्का कमी. एफएसएच, म्हणजे पाळी कायमची थांबत आलीय का ते बघायची रक्ततपासणी, इतक्यात नको, आकडा फसवेल म्हणाल्या. पटलं गं. तरी रात्री मोबाइल घेऊन बसतेच.

आणि आमचे हे! हर्नियानंतर आठवडाभरातच स्वतःच्या मनाने टेस्टोस्टेरॉन तपासून आले. कमी! अगं, ऑपरेशननंतर पुरुषांचं ते घसरतंच, पुढे आपोआप सावरतं. शिवाय रक्त सकाळी द्यायचं असतं. हे गेले भर दुपारी. घरात सुतक. पुन्हा तपासलं तर ठणठणीत. तेच आता मला म्हणतात, ‘एवढं मनावर घेऊ नकोस.’



नवी नोकरी कशी आहे? बाबा चालतात ना आता? मेधाचं ऑपरेशन ठरलंय म्हणे, आणि ती गर्भनिरोधक गोळ्या घेते ना? मग तिला सांग, सुगॅमाडेक्स देणार का ते भूलतज्ज्ञांना विचार. ऑपरेशनच्या शेवटी, भुलेत औषधाने आणलेला स्नायूंचा सैलपणा उतरवायला देतात ते. गोळीतल्या प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनलाही ते धरून ठेवतं, म्हणजे गोळी चुकल्यासारखंच. पुढचे 7 दिवस निरोध वगैरे दुसरं साधन हवंच. माझ्या डिस्चार्जच्या कागदावर हे नाव होतं, तोंडाने कुणी चकार शब्द काढला नाही. मी गोळ्या घेत नाही म्हणून निभावलं.

पाळी आली की कळवते. उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवलास तर बघ.

तुझी,
नंदा