चित्रात एवढा चिखल कशाला?

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाठवलेले चित्र पाहून आईने विचारले की पक्षी एवढासा आणि चिखल मात्र कागदभर, असे का? फोनवर ते नीट सांगता आले नसते, म्हणून हे पत्र.

पाणथळ जागेवर स्वयंसेवकाचे काम करताना पक्ष्यांइतकेच पाण्याच्या पातळीकडे आणि चिखलाकडे लक्ष द्यावे लागते, कारण कोणता पक्षी कोठे उतरणार हे त्यावरच ठरते. आखूड चोचीचा चिखल्या वरवरचे किडे टिपतो, मळगुजा लांब, सरळ चोच चिखलात खोल खुपसून अळ्या शोधतो आणि शेकाट्या आपल्या उंच गुलाबी पायांवर पाण्यात फिरून चरतो. पाणी हातभर चढले, तर तिघांनाही तेथे काही मिळत नाही. चिखल वगळून मळगुजा रंगवला, तर त्याची चोच एवढी लांब कशासाठी, हेच चित्रातून निघून जाते.

जानेवारीत आम्ही पाणपक्ष्यांची गणना करतो. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. दहा पक्ष्यांचा गट नजरेत धरून तसे किती गट भरतील याचा अंदाज बांधावा लागतो. या सवयीमुळे थवा रंगवताना आता मला सुटी पिसे दिसत नाहीत, तर तो कोठे दाट आणि कोठे विरळ आहे हे दिसते.

बाबा, चित्रांनी पक्षी कसे वाचणार, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पीटर स्कॉट हे मुळात चित्रकार. त्यांनी 1946 मध्ये इंग्लंडमधील स्लिमब्रिज येथे पाणपक्ष्यांसाठी संस्था स्थापन केली. पुढे 1964 मध्ये, तेथे हिवाळ्यात येणाऱ्या बेविक हंसांच्या चोचीवरील पिवळ्या-काळ्या रंगाची मांडणी प्रत्येकात निराळी असते हे ओळखून त्यांनी एकेका हंसाच्या चोचीची चित्रे काढायला सुरुवात केली आणि त्यावरून कोणता हंस पुन्हा आला हे कळू लागले. माझी मजल तेवढी नाही. तरी माझ्या वहीतील पायांची आणि चोचींची रेखाटने नव्या स्वयंसेवकांना ओळख पटवण्यासाठी उपयोगी पडतात.

घरट्याचे चित्र मात्र माझ्याकडे मागू नका. शेकाट्याची अंडी जमिनीवर असतात आणि आपण जवळ गेल्यावर पक्षी उठला, तर ती उन्हात तापतात. त्याऐवजी कमळपक्षी पाठवीन. त्याच्यात अंडी उबवणे आणि पिले सांभाळणे ही दोन्ही कामे नराकडे असतात, हे आईला नक्की आवडेल.

चित्र जलरंगातील आहे, तेव्हा काच बसवून, थेट ऊन पडणार नाही अशा भिंतीवर लावावे.

तुमची लेक